मोटार अपघाताचा क्लेम : मुदत सहा महिन्यांची, घाई पहिल्या दिवसापासून

अपघातानंतर माणसं वकिलाकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. एक्स-रेची मोठी पाकिटं, औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि तळाशी कुठेतरी चार घड्या घातलेली एफआयआरची प्रत. एका वकिलांच्या ऑफिसात अशा पिशव्या टेबलावर उपड्या करण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. पिशवी रिकामी झाली की समोरचा विचारतो, "किती मिळतील?" मी मात्र आधी अपघाताची तारीख शोधत असतो. पैसे किती, चूक कुणाची, साक्षीदार कोण, हे सगळं नंतर. तारखेचं गणित चुकलं तर बाकीच्या प्रश्नांना अर्थच राहत नाही.

हा लेख ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी आहे. स्वतःला लागलंय किंवा घरातलं कुणी रुग्णालयात आहे, आणि "क्लेम टाकायचा असतो" एवढंच ऐकून माहीत आहे, असं धरून लिहितोय.

आधी कायदा, थोडक्यात

रस्त्यावरच्या वाहनाने इजा झाली तर भरपाईसाठी साधा दिवाणी दावा लावायचा नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे त्यासाठी वेगळं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं. जिल्हा न्यायालयातच ते बसतं आणि बोलताना सगळे त्याला एमएसीटी म्हणतात. अर्ज कलम १६६ खाली जातो.

या अर्जाच्या मुदतीने बरेच हेलकावे खाल्ले आहेत. मूळ कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. सबळ कारण दाखवलं तर आणखी काही काळ उशीर माफ व्हायचा. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतच काढून टाकली. त्यानंतर जवळपास अठ्ठावीस वर्षं दोन-तीन वर्षांनी टाकलेला क्लेमसुद्धा चालायचा. "क्लेमला कुठे मुदत असते?" हे वाक्य आजही गावोगाव ऐकू येतं, ते त्या काळाचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. आता कलम १६६(३) सांगतं की अपघात घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज आला नाही तर तो विचारात घेतला जाणार नाही. जुन्या कायद्यातली उशीर माफ करण्याची सोय या वेळी शब्दांत ठेवलेली नाही.

या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की याचिकांचा निकाल लागेपर्यंत केवळ या कलमाखाली मुदतबाह्य म्हणून क्लेम फेटाळू नयेत. म्हणजे सहा महिने उलटून गेले असतील तर घरी बसून कपाळाला हात लावू नका, आजच वकिलाकडे जा. पण ज्यांचे सहा महिने अजून शिल्लक आहेत त्यांनी या आदेशाच्या भरवशावर एक दिवसही घालवू नये. अंतरिम आदेश म्हणजे पावसात दुसऱ्याच्या छत्रीखाली उभं राहणं. छत्रीवाला कधी निघेल ते आपल्या हातात नसतं.

पायरी १ : शेवटची तारीख काढा आणि घरात सगळ्यांना सांगा

महिने कॅलेंडरचे धरायचे, दिवस मोजत बसायचं नाही. अपघात १२ मार्चचा असेल तर शेवटचा दिवस १२ सप्टेंबर. ३१ ऑगस्टचा असेल तर फेब्रुवारीत ३१ तारीख नसते, म्हणून २८ फेब्रुवारी (लीप वर्षात २९). शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी केलेला अर्ज मुदतीत धरतात. १५ फेब्रुवारीच्या अपघाताचे सहा महिने १५ ऑगस्टला भरतात, त्या दिवशी कोर्टात झेंडावंदन असतं, फाइलिंग नसतं. असं असलं तरी या सवलतीपर्यंत जायची वेळ आणू नका. मी तर फाइलच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने दोन तारखा लिहितो: एक कायद्याची आणि एक आमची, तिच्या दोन महिने आधीची. काम दुसऱ्या तारखेला धरून करायचं.

मोजणी कुठून सुरू होते यात सगळ्यात मोठी चूक होते. ती अपघाताच्या दिवसापासून होते. डिस्चार्जपासून नाही, एफआयआरच्या तारखेपासून नाही, आणि मृत्यूच्या तारखेपासूनही नाही. जखमी माणूस चार महिने अतिदक्षता विभागात राहून गेला, तर घरच्यांच्या हातात पुढचे सहा महिने नसतात, दोनच असतात. त्यात दहावं-तेरावं, बँकेची कामं, रडारड. घरात असं काही झालेलं असताना कुणी कॅलेंडर बघत नाही हे मला कळतं. म्हणूनच ही तारीख अपघातानंतर पहिल्याच आठवड्यात कुणातरी एका शांत डोक्याच्या माणसाकडे सोपवा: मेव्हणा, पुतणी, शेजारी, जो असेल तो.

पायरी २ : पहिला आठवडा

उपचार सगळ्यांत आधी, हे सांगायला नको. फक्त एक माहिती हाताशी ठेवा: केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयाच्या काउंटरवर विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगेल याची खात्री नाही.

रुग्णालयात केस पेपर करताना "रस्ता अपघात" अशी नोंद आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) झाली आहे का ते बघा. घाबरलेले नातेवाईक कधीकधी "जिन्यावरून पडला" असं सांगून मोकळे होतात, पोलिसांचं लफडं नको म्हणून. मग सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील तोच केस पेपर काढून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुमच्यासमोर धरतो.

पोलीस ठाण्यात तक्रार द्या. एफआयआरला थोडा उशीर झाला म्हणून क्लेम मरत नाही. जखमीला वाचवणं आधी की ठाण्यात जाणं आधी, हे कोर्टालाही समजतं. पण गाडीचा नंबर एफआयआरमध्ये आलाच पाहिजे. अपघाताच्या जागेवर कुणी फोटो काढले असतील तर ते मागून घ्या, आणि फोटो काढणाऱ्याचं नाव, फोन लिहून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला फोटो कुणी काढला तेच सापडत नाही.

नंबर मिळाला की एम-परिवहन अॅपवर तो टाकून विम्याचा तपशील बघता येतो. तिथे नसेल तर कायद्याच्या कलम १६० प्रमाणे आरटीओ आणि पोलीस ठाणं यांनी अपघातग्रस्ताला वाहनाचा तपशील द्यायचा असतो. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

आणि पावत्या. मेडिकलवाल्याकडची छोटी पावती बहुतेकदा थर्मल कागदावर असते. तीन-चार महिन्यांत तिच्यावरची अक्षरं उडतात, पिशवीत ऊन लागलं तर आणखी लवकर. मी अशा कितीतरी पावत्या उजेडाकडे धरून रक्कम वाचायचा प्रयत्न केलाय. पावती मिळाली त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मूळ पावती तिला टाचा. रिक्षा, अॅम्ब्युलन्स, रुग्णाजवळ राहणाऱ्याचा खर्च, हेही एका वहीत तारखेवार लिहा. फार नीटनेटकी वही नको, रोजची असावी. एका बैठकीत एकाच पेनाने लिहिलेली वही कुणालाही ओळखू येते.

पायरी ३ : पोलिसांचे कागद मिळवा, पण त्यांच्यावर विसंबू नका

कागदावर बघाल तर सध्याची पद्धत फार चांगली आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तपास अधिकाऱ्याने अपघातग्रस्ताला त्याचे हक्क सांगणारा फॉर्म १० दिवसांत द्यायचा. अपघातग्रस्ताने आपली माहिती भरून ६० दिवसांत परत करायची. सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पोचला की तोच भरपाईचा अर्ज समजला जातो, कलम १६६(४) प्रमाणे. गोहर मोहम्मद खटल्यात १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही यंत्रणा नीट राबवण्याचे निर्देशही दिले.

म्हणजे तत्त्वतः तुम्ही काहीच न करता क्लेम उभा राहू शकतो. व्यवहारात तपास अधिकाऱ्याकडे बंदोबस्त असतो, बदली होते, एखादा फॉर्म कपाटातच राहतो. म्हणून दोन गोष्टी करा. तुम्हाला फॉर्म मिळाला असेल तर तो भरून मुदतीत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. आणि तरीही आपला स्वतंत्र अर्ज तयार ठेवा. दोन्ही न्यायाधिकरणात पोचले तर ते एकत्र चालतात, नुकसान काही होत नाही. एकही पोचलं नाही तर मात्र नुकसान तुमचं असतं, अधिकाऱ्याचं नव्हे. सविस्तर अहवाल गेला असं ठाण्यात सांगितलं तर "साहेब, जावक नंबर द्या" म्हणा, आणि तो घेऊन न्यायाधिकरणाच्या कार्यालयात जाऊन खात्री करा.

ठाण्यातून मागायचे कागद असे: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जखमीचं प्रमाणपत्र, गाडीचं आरसी बुक, विमा पॉलिसी आणि चालकाच्या लायसन्सची प्रत, महाराष्ट्रात ज्याला सगळे "फॉर्म एए" म्हणतात तो गाडी-चालक-विम्याचा तक्ता. मृत्यू झाला असेल तर इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालही. चार्जशीट नंतर आली तरी चालते.

पायरी ४ : ज्यांची वाट बघायची नसते ते सगळे

माझ्या अनुभवात मुदत चुकवणारी माणसं आळशी नसतात. ती कशाची तरी वाट बघत असतात, आणि ज्याची वाट बघतात ते कारण ऐकायला अगदी रास्त वाटतं.

"फौजदारी केसचा निकाल लागू दे." ही केस वेगळी. १ जुलै २०२४ पासूनच्या अपघातांना भारतीय न्याय संहिता लागते. बेदरकारपणे वाहन चालवणं तिच्या कलम २८१ मध्ये आहे. ती केस सरकार विरुद्ध चालक अशी चालते आणि वर्षानुवर्षं चालते. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, क्लेममध्ये "असं घडलं असण्याची शक्यता जास्त" एवढं पुरतं. चालक तिकडे सुटला म्हणून इकडचा क्लेम आपोआप जात नाही. मुदत त्या निकालासाठी थांबत नाही.

"उपचार पूर्ण होऊ देत, पायातला रॉड काढू दे, अपंगत्वाचा दाखला येऊ दे." हे मी सगळ्यात जास्त ऐकतो. रॉड काढायला दीड वर्ष लागू शकतं. अर्ज करताना सगळी बिलं लागत नाहीत. आजपर्यंतचा खर्च लिहायचा, पुढचा अंदाज लिहायचा, बाकीची कागदपत्रं पुराव्याच्या वेळी दाखल करता येतात. रक्कम कमी मागितली गेली तर कायमची अडकलो अशीही भीती नको. पुरावा असेल तर न्यायाधिकरण मागितलेल्यापेक्षा जास्त रक्कम देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नागप्पा खटल्यात सांगितलेलं आहे. दाखल्याबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डॉक्टरने ४० टक्के अपंगत्व लिहिलं म्हणून कमाई ४० टक्केच बुडाली असं नसतं. एका पायाने अधू झालेला कारकून आणि एका पायाने अधू झालेला हमाल यांचं नुकसान एक नाही, आणि २०१० च्या राजकुमार खटल्यापासून न्यायाधिकरणं हे वेगळं मोजतात. तेव्हा दाखल्याच्या टक्क्यांपेक्षा तुम्ही अपघाताआधी नेमकं काय काम करत होता याचे कागद आत्तापासून गोळा करा: पगारपत्रक, विवरणपत्र, दुकानाचा परवाना, मुकादमाची हजेरी, जे असेल ते.

"वारस दाखला मिळू दे." वारस प्रमाणपत्र काढायलाच काही महिने जातात. क्लेमच्या अर्जाला नातं दाखवणारे कागद पुरतात: रेशन कार्ड, आधार, मुलांचे जन्मदाखले. मुलं लहान असतील तर "अज्ञान, तर्फे अज्ञानपालनकर्ती आई" असं लिहून आई त्यांच्या वतीने अर्ज करते. मुलं सज्ञान होण्याची वाट बघू नका.

आणि शेवटची वाट, सगळ्यात गोड: "आपसात मिटवू." एका टेम्पोमालकाने आमच्या एका पक्षकाराला सुरुवातीला बावीस हजार दिले, रुग्णालयात नारळपाणी घेऊन आला, काका-काका करत राहिला. पुढे दर फोनवर एकच उत्तर. गणपतीनंतर बघू. मग दसऱ्यानंतर. मग दिवाळीनंतर. काका आमच्याकडे आले तेव्हा सहा महिने भरायला नऊ दिवस होते आणि पॉलिसीची प्रतसुद्धा हातात नव्हती. अर्ज झाला, पण त्या नऊ दिवसांत आरटीओ, ठाणं आणि कोर्ट यांच्यामध्ये मी जेवढा पळालो तेवढा कधी पळालो नाही. मालक भला असेलही. पण भरपाई त्याच्या खिशातून नव्हे, विमा कंपनीकडून यायची असते. त्याच्याशी बोलणं चालू ठेवायचं असेल तर ठेवा, अर्ज मात्र करून टाका. तडजोड दाखल झालेल्या क्लेममध्येही होते, लोकअदालतीत तर नेहमीच होते.

लवकर अर्ज करण्यात सरळ पैशांचा फायदाही आहे. न्यायाधिकरण भरपाईवर व्याज देतं, आणि ते कलम १७१ प्रमाणे अर्जाच्या तारखेच्या आधीपासून मिळू शकत नाही. पाच महिने उशिरा अर्ज केला तर पाच महिन्यांचं व्याज गेलं.

पायरी ५ : अर्ज कुठे, कुणाविरुद्ध

अपघात झाला ते ठिकाण, तुम्ही राहता किंवा कामधंदा करता ते ठिकाण, किंवा समोरची बाजू राहते ते ठिकाण, यांपैकी कुठल्याही हद्दीतल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो. सोलापूरजवळ अपघात झाला आणि तुम्ही नाशिकला राहता, तर नाशिकलाच अर्ज करा. तारखांना तुम्हालाच जायचं आहे.

सामनेवाले म्हणून गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी यांना घ्या. दोन गाड्यांची धडक असेल आणि तुम्ही त्यांपैकी एकीत मागे बसलेले असाल तर दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या घ्या, भले एक गाडी तुमच्या भावाची असेल. भावाला वाईट वाटतं, पण दावा त्याच्या विमा कंपनीवर जातो हे त्याला समजावून सांगा. "आधी एकच घेऊ, गरज पडली तर दुसरी जोडू" या विचाराने नंतर मुदतीचा वाद ओढवून घेऊ नका.

विमा कंपनीकडून आधीच एक ठराविक रक्कम देऊ केली जाऊ शकते: कलम १६४ खाली, कुणाची चूक हे न बघता, मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. गरज असते, हात पुढे होतो. सही करण्याआधी थांबा. ठरलेल्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो. तीस वर्षांच्या कमावत्या माणसाच्या बाबतीत हा सौदा बहुधा तोट्याचाच. मात्र चूक कुणाची हे सिद्ध करायला काहीच हाताशी नसेल तर तोच शहाणपणाचाही ठरतो. हा निर्णय वकिलासमोर बसून घ्या, कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या नको.

कामावर असताना अपघात झाला असेल, उदाहरणार्थ कंपनीच्या गाडीचा चालक, तर कर्मचारी म्हणून नुकसानभरपाई मागण्याचाही रस्ता असतो (आधी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता) आणि तिथली मुदत दोन वर्षांची. पण दोन्हीकडून घेता येत नाही, एक निवडावा लागतो. निवड करायला दोन वर्षं आहेत असं समजू नका. सहा महिन्यांनी एक पर्याय हातातून निसटू लागतो. रेल्वे अपघात या सगळ्यात येत नाही, त्याचं न्यायाधिकरण वेगळं आणि मुदत एक वर्षाची.

गाडी न थांबता पळून गेली आणि नंबर सापडलाच नाही तर एमएसीटीऐवजी हिट अँड रन योजना आहे. मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. गुन्हा नोंदल्यापासून महिन्याभरात गाडीचा माग लागला नाही तर या योजनेची माहिती पोलिसांनी लेखी कळवावी असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा निर्देश आहे. ते पत्र आलं नसेल तर ठाण्यात जाऊन मागा.

चूक तुमचीच असेल, गाडी स्वतःची आणि समोर झाड, तर दुसऱ्याविरुद्ध क्लेम नाही. पण स्वतःच्या पॉलिसीत मालक-चालकासाठी पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असेल, तर ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला लागू पडतं. पॉलिसी काढून बघा आणि कंपनीला लगेच कळवा. त्याच्या कळवण्याच्या अटी पॉलिसीतच असतात.

पायरी ६ : वकील

चांगला क्लेमचा वकील बहुधा रुग्णालयाच्या दारात भेटत नाही. तिथे कार्ड वाटणाऱ्यांपासून लांब राहा. "मिळालेल्या रकमेच्या इतके टक्के" हा व्यवहार सर्रास चालतो, पण निकालावर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी ठरवा, लिहून घ्या. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर १५१००. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या धनादेशावर सही कुणालाही देऊ नका, आम्हालाही नको.

वकीलपत्रावर सही केली म्हणजे अर्ज दाखल झाला असं नसतं. हे मी आमच्याच धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण बोलायला हवं. दाखल झाल्याची खूण म्हणजे एमएसीपी क्रमांक (न्यायाधिकरणातला अर्जाचा नंबर) आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसची ई-कोर्ट्समधली स्वतंत्र ओळख). तो मागा. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो घाला. तुमचं नाव, विमा कंपनीचं नाव, दाखल झाल्याची तारीख आणि पुढची तारीख दिसली पाहिजे. "फाइल केलंय, नंबर पडायचाय" हे उत्तर आठवडाभर चालतं. त्यानंतर स्वतः कोर्टात जाऊन खिडकीवर विचारा.

पायरी ७ : दाखल झाल्यानंतर

इथून पुढे घाई कमी आणि चिकाटी जास्त. सामनेवाल्यांना नोटिसा जातात, विमा कंपनी कैफियत (लेखी उत्तर) देते, तुमची साक्ष, डॉक्टरची साक्ष. पत्ता किंवा मोबाइल बदलला तर वकिलाला कळवा. पक्षकार हजर नाही म्हणून निकालात निघालेले अर्ज मी बघितले आहेत. ते पुन्हा उघडता येतात, पण तो त्रास फुकटचा. अर्ज चालू असताना जखमी व्यक्ती दगावली, मग कारण अपघाताचं असो वा नसो, तरी क्लेम संपत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तो वारसांना पुढे चालवता येतो. कोर्टाला लगेच कळवायचं.

निकाल तुमच्या बाजूने लागला की समोरच्याने ३० दिवसांत रक्कम जमा करायची असते. रक्कम कमी वाटली तर उच्च न्यायालयात अपील, मुदत ९० दिवस. मात्र वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील होत नाही. लोकअदालतीत तडजोड केली असेल तर त्यावर अपील नसतं, म्हणून तिथली सही घाईने करू नका. अपिलाला निकालाची सहीशिक्क्याची नक्कल लागते. ती मिळायला जेवढे दिवस लागतात ते मुदतीतून वगळले जातात, पण नक्कल अर्ज दिल्याच्या दिवसापासूनच. म्हणून निकाल ऐकून बाहेर आलात की चहाला जाण्याआधी नक्कल विभागाच्या खिडकीशी जा.